प्रार्थना उदंड, प्रश्न थोडे

मराठीतले ख्रिस्ती लेखन चारशे वर्षांहून जुने आहे. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले, तेव्हा तुकोबांचे अभंग अजून जन्मायचे होते. इंग्लंडात जन्मलेले हे जेज्वीट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्या मागे ठेवून गेले. एवढा पल्ला मागे असलेल्या परंपरेला आज एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. गेल्या पंचवीस वर्षांत मराठी ख्रिस्ती लेखकाचे असे कोणते पुस्तक आले, जे चर्चची पायरी कधी न चढलेल्या वाचकाने विकत घेतले, वाचले, त्यावर मित्रांशी वाद घातला आणि मग त्यांनाच वाचायला दिले? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची पुस्तके चटकन आठवतात. सिसिलिया कार्व्हालो यांच्या कविता आणि ललित लेखन आठवते. पुढे यादी अडखळते.

याचा अर्थ लेखन थांबले असा कोणी घेऊ नये. १९०३ मध्ये सुरू झालेले ‘निरोप्या’ मासिक आजही निघते, वसईचे ‘सुवार्ता’ निघते. दिवाळी अंकांच्या धर्तीवर वसईत नाताळ अंक निघतात. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलने भरतात, त्यांत कविता होतात, ठराव होतात. समाजाचा आकार पाहता छापल्या जाणाऱ्या पानांची संख्या मोठीच म्हणावी लागेल. या पानांवर प्रार्थना आहे, चिंतन आहे, संतचरित्रे आहेत, मंडळीचा इतिहास आहे. शंका फार कमी आहे, आणि आपल्याहून वेगळे मानणाऱ्या माणसाशी समोरासमोर बोलणे त्याहून कमी. मराठी ख्रिस्ती लेखन जेव्हा जेव्हा मोठे झाले, तेव्हा ते घराबाहेरच्या माणसाशी बोलत होते, पुष्कळदा त्याच्याशी वाद घालत होते. तो वाद सुटला आणि लेखन आखडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टीफन्स यांच्यापासूनच हे दिसते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती आणि त्यांच्या कानांना त्याच चालीचे, त्याच ओवीतले काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी ती भूक ओळखली. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र, आणि दोन्हींच्या घडणीत मराठी पुराणकथनाची रीत. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि ज्या वाटेने हे साहित्य वाढले असते ती वाटच बंद झाली. पुराण जगले ते लोकांच्या तोंडी आणि हस्तलिखितांत. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले. १९०७ ची आवृत्ती मंगळूरला निघाली ती याच कारणाने. मुळात रोमन लिपीत छापलेला हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये देवनागरीत आणला, म्हणजे मराठी वाचकाला तो आपल्या लिपीत छापील मिळायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे जावी लागली.

मिळाल्यावर आपण काय केले? मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या मोजक्या ओव्या उचलल्या आणि भाषणांना, पाठ्यपुस्तकांना वाहून टाकल्या. भाषादिनाला त्या ओव्या सर्वांना पाठ असतात. उरलेला ग्रंथ, त्यातली पतनाची कथा, मरियेचा शोक, आदाम-एवेचा संसार, हे सगळे न वाचता आपण त्याला वंदनीय ठरवले. गौरव करून ग्रंथ बाजूला ठेवण्याची ही मराठी रीत ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती, दोघांनीही सारख्याच निष्ठेने पाळली आहे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, सिरामपूरच्या विल्यम कॅरींनी त्याआधीच मराठीचे व्याकरण लिहून बायबलच्या भाषांतराला हात घातला होता, आणि १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक सुरू झाले. धर्म, विज्ञान, भूगोल, स्त्रीशिक्षण सगळेच त्यात येई, आणि भांडणही भरपूर असे. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले. लोक जमत, दोन्ही बाजू ऐकत आणि घरी जाऊन पुन्हा वाद घालत. त्या वादांत पुष्कळ काही कडवट होते. मिशनऱ्यांच्या मागे राज्यकर्त्यांची सावली होती, हिंदू देवदेवतांबद्दल त्यांनी लिहिलेला कितीतरी मजकूर आज वाचताना मान खाली जाते. तसा वाद परत यावा असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. पण त्या काळात धर्म हा मराठी गद्याचा जिवंत विषय होता आणि मराठी गद्य त्यातून तापून निघाले, हेही खरे आहे.

त्याच वर्षी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीचा विचार करताना तिला जो मान दिला तो योग्यच आहे. यमुना आणि विनायक हे जोडपे महाराष्ट्रात फिरते आणि गावोगावच्या विधवांचे हाल पाहते. शेवटी कादंबरी धर्मोपदेशाकडे वळते आणि तिथे ती ढिली पडते. पण त्याआधी लेखकाने डोळे उघडे ठेवून जे पाहिले, ते त्या वेळच्या कोणत्याही मराठी लेखकाने गद्यात इतके सलग पाहिले नव्हते. ख्रिस्ती लेखकाच्या हातून मराठी कादंबरीचा आरंभ व्हावा आणि पुढे दीडशे वर्षांत मराठी ख्रिस्ती कादंबरी म्हणून ठासून सांगावे असे फारसे काही नसावे, या गोष्टीची खंत ख्रिस्ती संमेलनांच्या व्यासपीठांवर जितकी व्हायला हवी तितकी होत नाही.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण या परंपरेचे शिखर तिथे आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली काही वर्षे हे पतिपत्नी दुरावले होते. टिळक ख्रिस्ती झाले तरी कवी म्हणून मराठीच राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. नगरच्या मातीत ख्रिस्ती कीर्तन आधीच रुजले होते. टिळकांनी अभंग आणि भजने देऊन मराठी उपासनेला तिचा आवाज दिला, आणि ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती घेणारी मंडळी आजही तो आवाज गातात. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनचा पगार सोडून, साधूच्या वृत्तीने जगत केलेला हा प्रयोग १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने तुटला. त्यातली कल्पना मात्र आजच्या कितीतरी चर्चांच्या पुढची होती.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आली. मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान सांगायची गरज नाही, पण ती ख्रिस्ती साहित्य म्हणून फारशी वाचली जात नाही. तसे वाचले तर लक्षात येते की श्रद्धेबद्दलचे इतके प्रामाणिक पुस्तक मराठीत क्वचितच झाले आहे. लक्ष्मीबाईंचे मन एका क्षणात पालटत नाही. सोवळे सुटत नाही, राग जात नाही, नवऱ्यावरचे प्रेम आणि नवऱ्याचा संताप एकाच पानावर नांदतात. जातीची कल्पना माणसांनी केलेली आहे हे त्यांना उमगते ते घरातल्या पाण्याच्या आणि अन्नाच्या साध्या व्यवहारातून, कोणाच्या प्रवचनातून नव्हे. टिळकांना त्यांनी संत करून ठेवले नाही. विसराळू, तापट, हातचे सगळे देऊन टाकणारा, घरच्यांना हैराण करणारा आणि तरीही थोर असा माणूस त्या दाखवतात. ज्या सासर-माहेरच्या माणसांशी धर्मामुळे ताटातूट झाली, ती माणसेसुद्धा या पुस्तकात आदराने वावरतात. सुटलेल्या घरातल्या माणसांनीही ते वाचावे अशा भाषेत ते लिहिलेले आहे.

याच लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये छापले गेले. बहुतेक ग्रंथ त्यांच्याच हातचा. त्या ओव्यांत भक्ती आहे, सफाई आहे, पण ‘स्मृतिचित्रे’तल्या बाईचा धारदार डोळा त्यांत फार थोड्या ठिकाणी उघडतो. एकाच लेखिकेची दोन पुस्तके: पहिल्यात तिने न पटलेल्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यात पटलेल्या. वाचकांनी कोणते जपले हे आपण जाणतो. पुढच्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी बहुतांशी दुसऱ्या पुस्तकाची वाट धरली.

पंडिता रमाबाईंबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून एवढेच. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून सगळे बायबल मराठीत आणले, मुक्तीतल्या बायकांनी ते छापखान्यात छापले, आणि रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते पूर्ण बाहेर आले. भाषांतर ठिकठिकाणी ताठर आहे. तरी भारतीय भाषांतल्या स्त्रियांच्या ग्रंथकार्यात त्याची बरोबरी करील असे काही मला माहीत नाही, आणि मराठीच्या अभ्यासक्रमांत त्याचा गांभीर्याने विचार झालेला दिसत नाही.

आता आजच्या लेखनातल्या सर्वांत मोठ्या पोकळीबद्दल. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग नगर, जालना, औरंगाबाद या भागांतल्या महार आणि मांग वस्त्यांतून आला. याच मातीतून १९६० नंतर दलित साहित्य उसळून आले. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ ची, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्याच गावांतल्या, पुष्कळदा त्याच भावकीतल्या ख्रिस्ती झालेल्या घरांचे ‘बलुतं’ कुठे आहे? मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेल्या मुलाचे, मिशन कंपाउंडच्या भिंतीआत वाढलेल्या मुलीचे, पास्टर झाल्यावरही गावाने जातीनेच हाक मारलेल्या माणसाचे आत्मकथन मराठीच्या मुख्य प्रवाहात गाजलेले मला आठवत नाही. महाराष्ट्रातूनच आलेल्या अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरज्ञानाची मांडणी केली आणि भारतभर दलित ईश्वरशास्त्राचा पाया घातला. ते सारे इंग्रजीत झाले आणि सेमिनरींच्या ग्रंथालयांत राहिले. ज्या माणसांच्या दुःखातून ते निघाले त्यांच्या भाषेत त्याने घर केले नाही.

या मौनाला कारणे आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यामुळे कितीतरी कुटुंबे कागदावर एक आणि रविवारी दुसरी अशी जगतात. आपली खरी कहाणी छापणे म्हणजे मुलाचा दाखला धोक्यात घालणे, ही भीती खरी आहे. दुसरे कारण चर्चमध्येच आहे. ख्रिस्तात जात नाही असे व्यासपीठावरून सांगितले जाते, आणि लग्न ठरवताना, मंडळीच्या निवडणुकीत, कधीकधी दफनभूमीतही जात वर येते. हे लिहिणाऱ्याला आपलीच माणसे गप्प बसवतात. मला वाटते, मराठी ख्रिस्ती साहित्याचे पुढचे मोठे पुस्तक याच गप्प बसवलेल्या जागेतून येईल, आणि ते आले तर साऱ्या मराठी साहित्याला त्याची दखल घ्यावी लागेल.

वसईची गोष्ट वेगळी. तिथला कॅथलिक समाज शेतीवाडीचा, सामवेदी आणि वाडवळी बोलणारा, मराठी उपासनेला घट्ट धरून राहिलेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकभाषेत आणली आणि वसईच्या मराठीला चर्चमध्ये हक्काची जागा मिळाली. फादर दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’चे संपादक होते. त्यांनी मासिकाचे दार सताड उघडले. जमिनी, पाणी, शहराच्या नावाखाली गिळली जाणारी वाडी, गुंडगिरी, राजकारण, जातीय तेढ या सगळ्यांवर त्यांनी लिहिले, हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे केले, आणि मासिक हिंदू-मुस्लिम वाचकांच्याही घरी गेले. ‘सुबोध बायबल’ राजहंससारख्या प्रकाशनाने काढले आणि त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला, याचे महत्त्व पुरस्कारापुरते नाही. पवित्र शास्त्र मराठी पुस्तकांच्या दुकानात इतर मराठी पुस्तकांशेजारी उभे राहिले, आणि ते घेणाऱ्याला कोणी तू कोणाचा म्हणून विचारले नाही.

दिब्रिटो यांच्या गद्याबद्दल एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांच्या लेखात प्रश्न नीट उभा राहतो, पण उत्तराची घाई होते. प्रवचनकाराचा मायाळू हात वाचकाच्या खांद्यावर लवकर येतो. ‘नाही मी एकला’ या आत्मकथनातही धर्मगुरूच्या एकाकीपणाच्या, संशयाच्या जागा येतात आणि लेखक त्यांना हलकेच ओलांडून पुढे जातो. तरीही २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा, धर्मगुरू साहित्यिक कसा, असा जो आक्षेप घेतला गेला, तो मराठीचा इतिहास विसरणारा होता. संतांच्या वाणीने ज्या भाषेचे साहित्य उभे राहिले, तिथे हा प्रश्न पडावा हेच नवल. आजारी अवस्थेत येऊन त्यांनी द्वेषाविरुद्ध आणि भाषेसाठी जे भाषण केले त्याने आक्षेपाला उत्तर दिले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांनी उघडलेले दार धरून उभे राहणारा दुसरा संपादक अजून दिसत नाही.

बाकीच्या आजच्या चित्राबद्दल थोडक्यात. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत अमेरिकन उपदेशकांच्या भाषांतरांनी फळ्या भरल्या आहेत. त्यांतल्या कुटुंबांना नगरचा दुष्काळ ठाऊक नाही की सासूबाईंचा उपवास. भजनांची जागा हिंदी-इंग्रजी चालींची कोरस गाणी घेत आहेत, यूट्यूबवर त्यांना ऐकणारे आहेत, पण त्यांतले शब्द एकमेकांसारखे आहेत. शिकलेल्या तरुणांचा वाचनाचा धर्म इंग्रजी झाला आहे. २०२१ मध्ये आदिवासींसाठी काम करणारे जेज्वीट फादर स्टॅन स्वामी कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात गेले. त्यावर निवेदने निघाली, श्रद्धांजलीचे लेख आले. कथाकाराला लागावा तसा तो विषय एखाद्या मराठी ख्रिस्ती लेखकाला लागल्याचे माझ्या वाचनात नाही. परीक्षण तर जवळजवळ नाहीच. ख्रिस्ती मासिकात नव्या पुस्तकाबद्दल येतो तो परिचय, आणि परिचय नेहमी शुभेच्छांवर संपतो. गंगाधर मोरजे यांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा जो कसून अभ्यास केला, अनुपमा उजगरे यांनी समीक्षेत जी चिकाटी दाखवली, ती वाट रुंद व्हायला हवी होती.

दोष एकट्या ख्रिस्ती लेखकांचा नाही. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्मसार’ संकलित केले तेव्हा त्यांनी नवा करार पुन्हा पुन्हा वाचलेला होता. आजचा मराठी समीक्षक, ज्याला युरोपीय कादंबरीतले बायबलचे संदर्भ तोंडपाठ असतात, तो वसईच्या किंवा नगरच्या ख्रिस्ती लेखकाचे पुस्तक हातात घेत नाही. सिसिलिया कार्व्हालो यांच्या गद्यातली वाडी, विहीर आणि वेदी एकत्र नांदवणारी दृष्टी एखाद्या मोठ्या मासिकाने तपशिलाने तपासली असती, तर त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींना बळ मिळाले असते.

म्हणून दोन मागण्या. ‘निरोप्या’, ‘सुवार्ता’ आणि सगळ्या नाताळ अंकांच्या संपादकांनी येत्या वर्षापासून एक पान ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला द्यावे, त्याला ख्रिस्ती पुस्तकावर मोकळे लिहू द्यावे, आणि पुढच्या अंकात लेखकाचे उत्तर छापावे. मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी ‘ख्रिस्तपुराणा’तल्या त्या ठरलेल्या ओव्या अभ्यासक्रमातून काढून त्याऐवजी एक पूर्ण अध्याय लावावा, ‘यमुनापर्यटन’ स्वस्त आवृत्तीत उपलब्ध करावे, आणि ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेवरही एक तास ठेवावा. यातल्या कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही.